उरलेल्या कापडाची गोष्ट : गीज बेंडच्या गोधड्या

१/
१९७२ साली सीअर्स, रोबक या अमेरिकेतील बलाढ्य विक्री कंपनीने अलाबामा राज्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका लहानशा सहकारी संस्थेला उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. अभ्रे ठरल्याप्रमाणे शिवून झाले, दुकानांत विकले गेले आणि विसरलेही गेले. कापताना जे तुकडे उरले, त्यांच्या गोधड्या मात्र आज कलासंग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. मालापेक्षा उरलेले कापड अधिक मोलाचे कसे ठरले, याचा हा धागा.

२/
आरंभ आजच्या अमेरिकेपासून करावा लागेल. तिथे गोधडी शिवणे हा लाखो लोकांचा छंद आहे आणि या छंदाची एक ठरलेली अडचण आहे. ती म्हणजे साठलेले कापड. आवडले म्हणून घेतलेले, स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, पुढे कधीतरी लागेल म्हणून घेतलेले. कपाटे भरतात, मग पलंगाखालच्या पेट्या भरतात. या साठ्याला तिथे ‘स्टॅश’ म्हणतात.

३/
हा साठा संपवण्यासाठी निवासी शिवण-शिबिरे भरतात. यंत्र आणि कापडाच्या पिशव्या मोटारीत घालून मंडळी दोन-चार दिवस गावाबाहेर जातात आणि एका मोठ्या दालनात शेजारीशेजारी बसून शिवतात. अनेकींचा निश्चय असतो, की या वेळी नवे कापड घ्यायचे नाही. नको झालेले तुकडे एका टेबलावर मांडले जातात. एकीचा कंटाळा दुसरीच्या गोधडीत नेमका बसतो.

४/
मराठी घराला हे परके नाही. जुनी लुगडी, धोतरे, विटलेले सदरे यांचे एक बोचके घरोघरी असे आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यातून गोधडी आकाराला येई. आपली गोधडी थरावर थर ठेवून धावदोऱ्याने भरतात. अमेरिकन गोधडीत साधारणपणे तीन थर असतात : वर तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग, मध्ये पिंजलेला कापूस आणि खाली अस्तर. जोडणे ही पहिली पायरी, तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधणे ही दुसरी.

५/
मात्र एक भेद लक्षात ठेवायला हवा. आजच्या शिबिरातील कापड बहुधा गोधडीसाठीच विकत घेतलेले असते. जुन्या काळी गोधडीपुरते कापड विकत घेणे ही श्रीमंती होती. बाकीच्यांसाठी गोधडी हा कापडाच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा होता. हा भेद ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसतो, ते ठिकाण म्हणजे गीज बेंड.

६/
अलाबामा नदी विलकॉक्स काउंटीत एक मोठे वळण घेते. त्या वळणात तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा आहे. १८१६ च्या सुमारास जोसेफ गी नावाचा मळेवाला तिथे आला आणि त्याच्याच नावाने ते वळण ओळखले जाऊ लागले. पुढे हा मळा मार्क पेटवे याच्या हाती गेला. १८४६ मध्ये त्याने आपल्या मालकीच्या सुमारे १०० गुलाम माणसांना नॉर्थ कॅरोलिनाहून तिथवर पायी चालवत आणले.

७/
त्या माणसांचे काम कापूस पिकवण्याचे आणि वेचण्याचे. त्यांच्या अंगावर असे जाडेभरडे, स्वस्त कापड. असे कापड उत्तरेकडील ऱ्होड आयलंडच्या गिरण्या गुलामांच्या वापरासाठी म्हणून मुद्दाम विणत. मळ्याचा कापूस जगभर जाई आणि कापूस वेचणाऱ्याच्या वाट्याला त्यातले हलक्यात हलके वस्त्र येई. गीज बेंडच्या गोधडीची कथा या विसंगतीतून सुरू होते.

८/
या कापसाचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील कापसाची निर्यात रोखली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या.

९/
त्याच युद्धाच्या शेवटी गीज बेंडची माणसे गुलामगिरीतून मुक्त झाली. जमीन मात्र मिळाली नाही. बहुतेक कुटुंबे त्याच मळ्यावर कुळे म्हणून राहिली. अनेकांनी पूर्वीच्या मालकाचेच आडनाव पुढे चालवले, म्हणून आजही गीज बेंडच्या गोधड्यांखाली ‘पेटवे’ हे नाव वारंवार दिसते. बियाणे उधार, अवजारे उधार, धान्य उधार, आणि फेड कापूस आल्यावर, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

१०/
कापसाचे भाव पडले की हे कर्ज फुगे. १९३२ मध्ये त्याने गळा आवळला. गीज बेंडला उधारी देणारा व्यापारी मरण पावला आणि त्याच्या वारसांनी वसुली काढली. सुमारे ६० कुटुंबांच्या घरांतून धान्य, जनावरे, गाड्या, अवजारे उचलून नेण्यात आली. पुढचा हिवाळा लोकांनी रेड क्रॉसच्या शिध्यावर आणि रानात मिळेल त्यावर काढला.

११/
१९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन तिथे पोहोचला. त्याच्या छायाचित्रांत लाकडी ओंडक्यांची घरे दिसतात, भिंतींच्या फटी बुजवण्यासाठी चिकटवलेली वर्तमानपत्रे दिसतात आणि गोधडी शिवणाऱ्या स्त्रियाही दिसतात. वारा अडवण्याची ही दोन साधने होती : भिंतीवर कागद आणि अंगावर गोधडी. एकेका खाटेवर कित्येक गोधड्या लागत, म्हणून प्रत्येक घरात त्या सतत शिवाव्या लागत.

१२/
कापड कुठून येई? शेतात घालून विरलेले कपडे, पिठाची आणि खताची सुती पोती. मधल्या थरासाठी सरकी काढण्याच्या कारखान्यातील जमिनीवरून झाडून आणलेला कापूस, तो काठीने झोडपून मऊ केलेला. कपड्याचा गुडघा फाटलेला असे, पण पोटरीचा भाग धड असे. खिसा उसवून काढला की त्याखाली मूळ गडद रंगाचा चौकोन दिसे. शिवणारीने तो लपवला नाही. फिकट निळ्यात गडद निळा, हीच तिची नक्षी झाली.

१३/
शेतमजुराच्या या जाड निळ्या पोशाखाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. डोंगरीच्या परिसरात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड युरोपीय व्यापाऱ्यांनी तिच्या नावाने ओळखले, पुढे ते नाव कापडावरून कपड्याला चिकटले. अलाबामाच्या गोधड्यांतील तुकडे जिथे जन्मले तिथे मुंबईचे नाव कुणाला ठाऊकही नसेल, पण शब्द तेवढा प्रवास करून गेला.

१४/
या कामकरी कपड्यांच्या गोधड्यांपैकी एक विशेष आहे. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या स्त्रीने आपल्या दिवंगत पतीचे शेतातले कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब अंगावर घेता यावी, हा तिचा हेतू होता, असे तिची मुलगी अर्लोन्झिया हिने पुढे सांगितले. घामाने आणि उन्हाने विटलेले निळे, करडे आणि तपकिरी तुकडे, आणि त्यांच्यामध्ये थोडा लाल. नवरा गेला, कपडे उरले, त्यांचे काय करावे हा प्रश्न होता. तिने त्याचे उत्तर शिवून दिले.

१५/
शिवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. वरचा थर प्रत्येक स्त्री आपल्या घरी, आपल्या मनाने जोडत असे. तिन्ही थर टाक्यांनी बांधायचे काम मात्र शेजारणी मिळून करत. चौकट मांडायची, भोवती बसायचे, गाणी आणि प्रार्थना म्हणत एकीची गोधडी संपवायची, मग दुसरीची. ‘हाऊसटॉप’ म्हणजे एकात एक बसणारे चौकोन, ‘लेझी गॅल’ म्हणजे सरळ पट्टे, अशी नावे ठरलेली होती. त्यात आपला बदल करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. रचना एकटीची आणि मेहनत सगळ्यांची, असा हा विभाग होता.

१६/
दरम्यान एक मोठा बदल घडला होता. रूझवेल्ट सरकारने १९३० च्या दशकात हा मळा विकत घेतला, नवी घरे बांधली आणि १९४० च्या दशकात सुलभ कर्जावर जमीन कुळांनाच विकली. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांत हे भाग्य दुर्मिळ होते. मताधिकार मागितला म्हणून त्यांना जमिनीवरून हुसकणे आता सोपे राहिले नाही.

१७/
हुसकता आले नाही तरी वाट अडवता येत होती. १९६२ मध्ये, मतदार नोंदणीची चळवळ गीज बेंडमध्ये रुजत असताना, नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाणारी तर बंद करण्यात आली. समोर दिसणारे काउंटीचे ठाणे रस्त्याने एक तासाहून दूर गेले. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी गीज बेंडला येऊन सभा घेतली. आजूबाजूच्या भागात मतदार नोंदणीसाठी गेलेल्या कुळांना घराबाहेर काढले जात होते.

१८/
अशा कुटुंबांच्या जबान्या गोळा करत फ्रान्सिस वॉल्टर हा धर्मोपदेशक १९६५ च्या अखेरीस या भागातून जात होता. एका घरासमोर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्याला दिसल्या. त्याने एकेक १० डॉलरला, म्हणजे स्थानिक भावापेक्षा अधिक किमतीला, विकत घेऊन न्यूयॉर्कमध्ये लिलाव करवला. मार्च १९६६ मध्ये स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. तिची व्यवस्था एस्टेल विदरस्पून यांनी दीर्घकाळ पाहिली.

१९/
संस्थेने कामाला घर दिले, स्त्रियांच्या हाती स्वतःची मजुरी दिली, जमीन घेऊन बेघर झालेल्या कुटुंबांना जागा विकल्या. १९६९ मध्ये शिवणकेंद्राची स्वतंत्र इमारत उभी राहिली. त्याच सुमारास नदीवरील धरणामुळे गीज बेंडची बरीच सुपीक शेते पाण्याखाली गेली, त्यामुळे शिवणाच्या मजुरीचे महत्त्व आणखी वाढले. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून मागण्या येऊ लागल्या.

२०/
मागणीबरोबर शिस्तही आली. दुकानाला शंभर नग हवे असतील, तर शंभरही नग सारखे हवेत. नक्षी ठरलेली, रंग ठरलेले, टाक्यांची लांबी ठरलेली. ‘माझ्या पद्धतीने’ जोडण्याची सवय इथे दोष ठरे आणि नग परत येई. काही स्त्रियांनी हे काम मनापासून स्वीकारले, काहींना ते जमले नाही. ज्या कौशल्याने संस्थेचे नाव झाले होते, त्याच कौशल्याला पगाराच्या कामात जागा उरली नव्हती.

२१/
१९७२ चे सीअर्सचे काम या टोकाचे होते. रुंद धारेच्या कॉर्डरॉयचे अभ्रे. कॉर्डरॉय म्हणजे उभ्या उंचवट्यांचे, लवदार, जाड सुती कापड. काही मोजकेच रंग होते, त्या काळी घराघरांत दिसणारे : सोनेरी पिवळा, पिकल्या अव्होकाडोचा हिरवा, नारिंगी, चेरीचा लाल. काम यंत्रावर, एकसारखे, ठरलेल्या मापाचे. कापणीनंतर कडेच्या पट्ट्या आणि वेडेवाकडे तुकडे मोठ्या प्रमाणावर उरत.

२२/
हे तुकडे फेकले गेले नाहीत. कामावरच्या स्त्रियांनी ते घरी नेले, बहिणींना दिले, शेजारणींना दिले. संस्थेत कधीच न शिवणाऱ्या घरांतही कॉर्डरॉय पोहोचला. विटलेल्या कपड्यांवर हात बसलेल्या या स्त्रियांपुढे प्रथमच कोऱ्या कापडाचा, झळझळीत रंगांचा ढीग आला. आजच्या भाषेत सांगायचे तर हा गीज बेंडचा पहिला ‘स्टॅश’ होता.

२३/
कापडाने आपल्या अटी घातल्या. कॉर्डरॉय जाड असल्याने बारीक तुकडे आणि नाजूक वळणे त्यात जमत नाहीत, म्हणून आकार मोठे झाले. लव ज्या दिशेला झुकते त्याप्रमाणे एकच रंग गडद किंवा फिका दिसतो, म्हणून एकाच पिवळ्याचे दोन तुकडे आडवे-उभे लावले की दोन पिवळे मिळतात. मोजक्या रंगांची उणीव स्त्रियांनी दिशा बदलून भरून काढली. दिवसा मापाबरहुकूम अभ्रे आणि संध्याकाळी त्याच कापडाच्या, कुणालाही विचारावे न लागणाऱ्या गोधड्या, असे दोन व्यवहार शेजारीशेजारी चालले.

२४/
या काळातील एक गोधडी ॲनी मे यंग यांची, १९७६ सालची. मध्यभागी लाल-पिवळ्या कॉर्डरॉयच्या प्रखर पट्ट्या आणि भोवती शेतमजुराच्या विटलेल्या निळ्या डेनिमची रुंद चौकट. एकाच वस्त्रात दोन साठे : एक झिजून उरलेला, दुसरा कारखानी कामातून उरलेला. हिचे छायाचित्र एका पुस्तकात पाहून संग्राहक विल्यम आर्नेट १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोध घेत गीज बेंडला पोहोचला.

२५/
२००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात ‘गीज बेंडच्या गोधड्या’ हे प्रदर्शन उघडले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची १० तिकिटे काढली. त्याच वर्षी, तब्बल ४४ वर्षांनी, नदीवरील तर पुन्हा सुरू झाली. गोधडी जगभर पोहोचली, मग तिच्या गावाला कॅम्डेनचा जवळचा रस्ता मिळाला.

२६/
कीर्तीबरोबर हिशेबाचा प्रश्न आला. गोधड्यांच्या नक्षी गालिचे, कार्ड, चादरी यांवर छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा नक्षीचा हक्क कुणाचा आणि मोबदला किती? २००७ मध्ये काही शिवणाऱ्या स्त्रियांनी न्यायालयात दावे दाखल केले आणि पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. चिंधी फुकट मिळाली होती, पण तिची रचना फुकट नव्हती, एवढे यातून जाहीरपणे नोंदले गेले.

२७/
इकडे उर्वरित अमेरिकेत कापडाचे कपाट भरू लागले होते. १९७१ मध्ये व्हिटनीने जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या. १९७६ च्या द्विशताब्दीने जुन्या हस्तकलांचे प्रेम जागवले. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने गोल फिरत्या पात्याचा कटर आणला आणि तासांचे कापण्याचे काम मिनिटांत होऊ लागले. केवळ गोधडीसाठी छापलेल्या सुती कापडांची दुकाने निघाली. कापणे सोपे, कापड मुबलक, मात्र शिवायला वेळ पूर्वीइतकाच. साठा येथूनच वाढला.

२८/
म्हणूनच आजच्या शिबिरात कापड संपवण्याचा संकल्प वाटतो त्याहून अधिक अर्थपूर्ण आहे. दुकानात शिरले की नेमका हवा तो रंग मिळतो आणि निर्णय टळतो. पिशवीतले तेवढेच वापरायचे ठरले, की पुरत नसलेल्या निळ्याशेजारी काय लावावे याचा विचार करावाच लागतो. गीज बेंडला हा विचार गरजेने करावा लागला. शिबिरात तो स्वेच्छेने करायचा असतो. दोन्हींची तुलना बरोबरीने करता येत नाही, कारण एका बाजूला थंडी होती. पण हाताला मिळणारे शिक्षण एकाच जातीचे आहे.

२९/
दुसरे साम्य चौकटीभोवती बसण्याचे. यंत्र आले, विजेचा दिवा आला, तरी साठा संपवायला माणसे एकत्रच जातात. घरी वर्षानुवर्षे न उघडलेली पेटी शेजारणीसमोर उघडली जाते आणि ‘हे मला दे’ म्हणणारी कुणीतरी तिथे असते. फ्रीडम क्विल्टिंग बी २०१२ मध्ये बंद झाली, पण गीज बेंडच्या काही स्त्रिया आता अशा शिबिरांत शिकवायला जातात.

३०/
वर्षातून एकदा गोधड्या बाहेर काढून उन्हा-वाऱ्यात टांगायची गीज बेंडची जुनी चाल आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिचा जाहीर उत्सव भरतो. घरांसमोर दोऱ्या बांधल्या जातात आणि त्यांवर जुन्या, नव्या, डेनिमच्या, कॉर्डरॉयच्या गोधड्या झुलतात. १९६५ मध्ये एका अनोळखी वाटसरूने अशाच दोरीवरच्या गोधड्या पाहून गाडी थांबवली होती. आज त्या पाहायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि विक्रीचे पैसे शिवणाऱ्या हातात पडतात.